ब्रिजवरचा पाण्याचा अलार्म कोणी लावला? मूठभर माणसे, मोठे बदल आणि बोटीवरचे नेतृत्व

दीपस्तंभ

नमस्कार.

मी ३२ वर्षे बोटीवर नोकरी केली. त्यातील बराच काळ बल्क कॅरिअरवर, म्हणजे लोहखनिज, कोळसा, धान्य असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर गेला; शेवटची ११ वर्षे मी कॅप्टन होतो. आता रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या गावी असतो. गेल्या महिन्यात शेजारचा एक मुलगा पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर जाण्याआधी पाया पडायला आला होता. निघताना त्याने विचारले, "काका, बोटीवर २२ माणसे असणार आणि त्यांत मी सर्वांत खालचा. काही चुकीचे दिसले तर मी एकटा काय करणार?" मी त्याला 'वरिष्ठांना सांग' एवढेच सांगितले. तो गेल्यावर ते उत्तर मला बोचत राहिले, कारण ज्या नियमांच्या आधाराने मी स्वतः इतकी वर्षे सुखरूप घरी परतलो, त्यांतील कितीतरी नियम वरिष्ठांनी 'नाही' म्हटल्यानंतरही काही थोड्या माणसांनी हट्ट सोडला नाही म्हणून अस्तित्वात आले आहेत. त्याला जे सांगायला हवे होते ते इथे लिहीत आहे.

बल्क कॅरिअरच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, एक लहानसे पॅनेल असते. एखाद्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) किंवा नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कोठीत पाणी शिरू लागले, तर ते वाजते. समुद्रावरील जीवसुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या प्रकरणातील तरतुदीनुसार २००४ पासून हे अलार्म बंधनकारक झाले. वॉचवर येणारा प्रत्येक ऑफिसर ते पॅनेल पाहतो, पण ते तिथे कसे आले हे फार थोड्यांना माहीत असते. त्यामागे 'डर्बीशायर' या ब्रिटिश जहाजाची आणि त्यावर गेलेल्या माणसांच्या कुटुंबीयांची वीस वर्षांची झुंज आहे.

'डर्बीशायर' १९७६ मध्ये बांधलेले, सुमारे २९४ मीटर लांबीचे जहाज होते. कॅनडातून दीड लाख टनांहून अधिक लोहखनिज घेऊन ते जपानकडे निघाले होते. सप्टेंबर १९८० मध्ये ओकिनावाच्या दक्षिणेस ते 'ऑर्किड' नावाच्या तुफानात सापडले आणि नाहीसे झाले. संकटाचा एकही संदेश आला नाही. जहाजावर ४४ जण होते. ४२ कर्मचारी आणि त्यांच्यापैकी दोघांच्या पत्नी. कोणीही वाचले नाही. समुद्रात बुडालेले ते आजवरचे सर्वांत मोठे ब्रिटिश जहाज आहे, आणि तेव्हा ते बांधून जेमतेम चार वर्षे झाली होती.

जहाज चार किलोमीटर खोल पाण्यात गेलेले, साक्षीदार कोणी नाही, अवशेष हाती नाहीत. अशा वेळी सरकारला औपचारिक चौकशीची गरज वाटली नाही. मरण पावलेल्यांपैकी अनेक जण लिव्हरपूल आणि आसपासच्या भागातील होते. त्यांच्या आई-वडिलांनी, पत्नींनी आणि भावंडांनी एक संघटना उभी केली. त्यांच्यात मंत्री नव्हते, धनवंत नव्हते, बहुतेकांचा जहाजबांधणीच्या शास्त्राशी संबंधही नव्हता. मात्र एका मृताचे वडील स्वतः जहाजांची तपासणी करणारे सर्व्हेअर होते आणि त्यांनी 'डर्बीशायर'च्या जोडीला बांधलेल्या जहाजांच्या इतिहासाचा बारकाईने शोध घेतला. त्या मालिकेतील 'टाइन ब्रिज' या जहाजाला १९८२ मध्ये मोठा तडा गेला होता. १९८६ मध्ये 'कौलून ब्रिज' हे त्याच मालिकेतील जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यावर खडकांत अडकून फुटले, तेव्हा कुटुंबीयांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले आणि चौकशी जाहीर झाली. तिचा निष्कर्ष १९८९ मध्ये आला: जहाज बहुधा निसर्गाच्या शक्तींपुढे टिकले नाही.

इथे बहुतेक माणसे थांबली असती. नऊ वर्षे झाली होती, न्यायालयीन पद्धतीने निकाल लागला होता आणि 'निसर्ग' या शब्दापुढे कोणी काय बोलणार? कुटुंबीयांनी मात्र एकच प्रश्न धरून ठेवला. जहाज तुफानात बुडाले हे आम्हालाही दिसते. पण त्याचा नेमका कोणता भाग, कोणत्या क्रमाने निकामी झाला, ते सांगा. माझ्या मते त्यांच्या यशाचे मूळ या प्रश्नाच्या नेमकेपणात आहे. 'आम्हाला न्याय द्या' या मागणीला सहानुभूतीचे चार शब्द बोलून वाटेला लावता येते. 'कोणता भाग निकामी झाला?' या प्रश्नाला उत्तरच द्यावे लागते.

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने, म्हणजे आपण बोटीवरचे लोक ज्याला आयटीएफ म्हणतो त्या संघटनेने, १९९४ मध्ये शोधमोहिमेसाठी पैसा उभा केला आणि काही दिवसांतच अवशेष सापडले. त्यानंतर ब्रिटिश सरकार आणि युरोपीय आयोग यांना पुढील मोहिमा हाती घ्याव्या लागल्या. समुद्रतळावरील अवशेषांची लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. मधल्या एका अहवालात नाळेकडच्या बोसन स्टोअरचे (डेकवरच्या सामानाच्या कोठीचे) झाकण खलाशांनी नीट बंद केले नसावे, असा ठपका मृतांवरच आला होता. ज्यांचे मुलगे परत आले नव्हते त्या आई-वडिलांना तो ठपका वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करणेही कठीण आहे. त्यांनी तोही मान्य केला नाही. औपचारिक चौकशी पुन्हा उघडली गेली आणि २००० मध्ये न्यायमूर्ती कोलमन यांच्या निकालाने खलाशांना दोषमुक्त केले.

खरे घडले ते असे. नाळेकडच्या डेकवरील हवेच्या नळ्या आणि व्हेंटिलेटर लाटांनी मोडले. त्यांतून तासन् तास पाणी आत उतरत राहिले आणि जहाजाचे नाक हळूहळू खाली गेले. मग मोठ्या लाटा थेट पहिल्या हॅचवर (होल्डच्या तोंडावर) कोसळू लागल्या, त्याचे झाकण दबून फुटले, होल्ड भरला आणि त्यामागोमाग पुढची झाकणे गेली. ब्रिज जहाजाच्या मागच्या टोकाला, त्यात रात्र आणि तुफान. पुढे पाणी भरत आहे हे ब्रिजवरच्या माणसांना कळण्याचा मार्गच नव्हता.

तो मार्ग आज आहे, तेच पॅनेल. बल्क कॅरिअरच्या सुरक्षेचे स्वतंत्र प्रकरण १९९९ मध्ये लागू झाले. हॅचच्या झाकणांच्या मजबुतीचे आणि नाळेच्या उंचीचे नियम पुढे २००५ पासून कडक झाले. त्याआधी बल्क कॅरिअर मोठ्या संख्येने बुडत होते आणि त्यांवर आपल्याकडची, फिलिपिन्सची, अनेक गरीब देशांची माणसे होती. लिव्हरपूलमधल्या त्या थोड्या कुटुंबांनी आपल्या ४४ जणांसाठी सुरू केलेल्या लढ्याचा लाभ मला मिळाला, आणि त्यांतील एकाही व्यक्तीला मी कधी भेटलो नाही.

आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. विशेषतः बोटीवरच्या लहान गटाने काही बदल घडवल्याचे कोणी पाहिले असेल, तर अवश्य लिहावे.

इंजिनरूम

कॅप्टन साहेब, मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. हॅचच्या मजबुतीचे जे नियम 'डर्बीशायर'ने अपुरे ठरवले, ते १९६६ च्या आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारातील होते, आणि त्या कराराचा उगमही अशाच एका लहान गटाच्या चिकाटीत आहे. म्हणून थोडे मागे जातो.

जहाजाच्या मधोमध, बाजूच्या पत्र्यावर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते. शेजारी उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा, गोडे पाणी यांच्या खुणा. गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असल्याने नदीतल्या बंदरात जहाज अधिक बुडते, म्हणून ती खूण वेगळी. ही रेघ पाण्याखाली गेली की जहाज मर्यादेपेक्षा जास्त भरले. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात अशी रेघ सक्तीची नव्हती. जुनी, कुजकी जहाजे काठोकाठ भरून आणि भरपूर विमा उतरवून पाठवली जात. बुडाली तरी मालकाचे नुकसान होत नसे. लोक त्यांना शवपेट्या म्हणत. करारावर सही केलेल्या खलाशाने 'हे जहाज बुडेल, मी येत नाही' असे म्हटले, तर त्याला तुरुंगात टाकत.

या विषयावर आधी आवाज उठवला तो न्यूकॅसलच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांच्याविरुद्ध लढा आहे त्यांच्याच बाजूला एखादा प्रामाणिक माणूस असतो आणि तो शोधावा लागतो. हॉल यांचे काम सॅम्युअल प्लिमसॉल यांनी पुढे नेले. प्लिमसॉल हे कोळशाचे व्यापारी आणि १८६८ पासून डर्बीचे खासदार. त्यांनी १८७३ मध्ये 'आवर सीमेन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकात काही चुकाही होत्या. मानहानीचे दावे झाले, क्षमा मागावी लागली. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी त्या अधिवेशनापुरते जहाजविषयक विधेयक सोडून देत असल्याचे जाहीर केले, तेव्हा प्लिमसॉल यांनी सभागृहात मूठ उगारून काही सदस्यांना खलनायक म्हटले. प्रेक्षक सज्जात त्यांच्या पत्नी एलायझा होत्या आणि त्यांनी निषेधाची पत्रके वाटली. आठवड्याने प्लिमसॉल यांनी शब्दांबद्दल माफी मागितली, पण तोवर देशभर सभा सुरू झाल्या होत्या. १८७६ मध्ये रेघ सक्तीची झाली.

यानंतरचा भाग अनेकदा सांगितला जात नाही. रेघ सक्तीची झाली, पण ती कुठे रंगवायची हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला होता! जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडले. त्यानंतर १९३० मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६६ मध्ये दुसरा. कायदा संमत झाला म्हणून गट विसर्जित झाला असता, तर रेघ केवळ रंगापुरती उरली असती. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर प्लिमसॉल यांचे स्मारक आहे आणि ते खलाशांच्या संघटनेने उभारले आहे.

परळ_ते_कुलाबा

दोन्ही लेखन मनापासून आवडले. मात्र आतापर्यंतची दोन्ही उदाहरणे यशाची आहेत आणि त्यामुळे चित्र अपुरे राहते. आपल्या मुंबईतच खलाशांच्या एका लहान गटाने सुरू केलेल्या उठावाचा इतिहास आहे आणि त्याचा शेवट वेगळा झाला.

फोर्टच्या दक्षिणेस, कुलाब्याच्या बाजूला 'तलवार' हे रॉयल इंडियन नेव्हीचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनाच्या आदल्या रात्री तिथल्या भिंतींवर 'भारत छोडो'सारख्या घोषणा रंगवल्या गेल्या. हे काम मूठभर रेटिंग्जचे (साध्या नौसैनिकांचे) होते आणि बलाई चंद्र दत्त त्यांतील एक. फेब्रुवारीच्या आरंभी दत्त पकडले गेले. तिथल्या मुलांच्या तक्रारी पोटापासून सुरू होत होत्या: निकृष्ट जेवण, गोऱ्या सैनिकांपेक्षा कमी पगार आणि कमांडर किंग यांची अपमानास्पद भाषा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वर नाश्ता नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. दोन-चार दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात सामील झाले. एक मुसलमान आणि एक शीख तरुण मिळून त्या काळात हे नेतृत्व करत होते, ही गोष्ट मला आजही थरारून सोडते.

पोटाच्या मागण्यांबरोबर त्यांनी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे याही मागण्या केल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांनी २२ फेब्रुवारीला संप पुकारला. लालबाग-परळमध्ये रस्त्यांवर गोळीबार झाला आणि शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. माझे आजोबा तेव्हा गिरणीत होते. त्या दिवसाविषयी ते शेवटपर्यंत फार बोलत नसत.

सरदार पटेल आणि जिना या दोघांनीही शरण जाण्याचा सल्ला दिला आणि २३ फेब्रुवारीला उठाव संपला. शेकडो जणांना नौदलातून काढले गेले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले नाही. पुढे कुलाब्यात त्यांचे स्मारक झाले, पण ज्यांची नोकरी पंचविशीच्या आत गेली त्यांच्या घरी त्या स्मारकाने चूल पेटली नाही.

त्या मुलांच्या धैर्यात काही उणे होते असे मी म्हणणार नाही. पण कॅप्टन साहेबांच्या उदाहरणात कुटुंबीयांना आयटीएफचा आधार मिळाला, प्लिमसॉल यांना सभागृहात आसन होते, आणि 'तलवार'वरच्या मुलांच्या पाठीशी बंदरावर उभे राहणारे राजकीय नेतृत्व अखेरच्या क्षणी उरले नाही. पाच दिवसांत वाढलेल्या आगीला वाटाघाट करणारा माणूस आधीपासून ठरवलेला असावा लागतो. गटाचे धैर्य आणि गटाची तयारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते.

तिसरा_मेट

मी सध्या सुट्टीवर आहे. तिसरा मेट (कनिष्ठ डेक अधिकारी) म्हणून दोन कॉन्ट्रॅक्ट झाली आहेत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बल्क कॅरिअरवरच जायचे आहे.

कॅप्टन साहेब, पाण्याच्या अलार्मचे पॅनेल तपासणे हे माझेच काम होते. प्रत्येक वेळी चेकलिस्टवर बरोबरची खूण केली आहे आणि त्यामागे ४४ माणसे आहेत हे मला आज कळले. हे प्रशिक्षणात का सांगत नाहीत?

माझी खरी अडचण वेगळी आहे. गेल्या जहाजावर विश्रांतीच्या तासांची नोंद खोटी होत असे. नियम सांगतो की २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हवी. १० तासांचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यांतला एक किमान सहा तासांचा असावा लागतो. बंदरात माल चढ-उतार चालू असताना हे पाळले जात नव्हते. संगणकातील तक्ता लाल झाला की चीफ ऑफिसर तो हिरवा करायला सांगत. मी एकदा विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की सगळीकडे असेच असते. लिव्हरपूलच्या कुटुंबांकडे वीस वर्षे होती. माझ्याकडे सहा महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट असते आणि पुढचे मिळेल की नाही हे त्याच चीफ ऑफिसरच्या शेऱ्यावर अवलंबून असते. अशा वेळी काय करावे?

दीपस्तंभ

तुझ्या प्रश्नाने मला माझेच जुने दिवस आठवले. मी सेकंड मेट असताना घडलेले सांगतो. कंपनी आणि जहाज यांची नावे देत नाही.

त्या जहाजावर आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी कोळसा उतरवून धान्य भरण्यासाठी होल्ड धूत असू. जे लोक रात्रभर होल्ड धूत, तेच पहाटे दोर घेऊन धक्क्याला लागायच्या कामाला उभे. एका पहाटे आमचा एक एबी (अनुभवी खलाशी) विंचवर दोर गुंडाळताना उभ्या उभ्या झोपला आणि त्याचा हात दोर आणि ड्रम यांच्यामध्ये जाता जाता वाचला. बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाने) त्याला मागून ओढले. ते दृश्य पाहिलेले आम्ही तिघे होतो: मी, बोसन आणि थर्ड इंजिनिअर.

त्या संध्याकाळी बोसनच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. थर्ड इंजिनिअर तापला होता आणि त्याला लगेच बंदर प्रशासनाकडे तक्रार करायची होती. बोसन कोकणातला, वयाने आम्हा दोघांपेक्षा खूप मोठा. तो म्हणाला, "आधी आपल्याकडे काय आहे ते बघू. आज आपल्याकडे फक्त राग आहे." त्याच्या सांगण्यावरून आम्ही एक साधी शाळेची वही घेतली आणि दोन महिने डेक आणि इंजिन या दोन्ही विभागांतल्या प्रत्येकाचे खरे तास लिहून ठेवले. कोणावर दोषारोप नाही, शेरा नाही. नाव, वेळ, काम. लोकांनी आम्हाला तास सांगावेत म्हणून बोसनने प्रत्येकाला शब्द दिला की वही कोणाच्या विरोधात वापरली जाणार नाही, आणि तो शब्द आम्ही पाळला.

दोन महिन्यांनी वही पाहिल्यावर आमचा स्वतःचाच एक समज खोटा ठरला. आम्हाला वाटत होते की माणसे कमी आहेत. वहीत दिसत होते की महिन्यातील बहुतेक दिवस विश्रांती पुरेशी मिळते आणि नियम मोडतो तो होल्ड धुण्याच्या अखेरच्या रात्रीपासून धक्क्याला लागून पहिली पाळी संपेपर्यंतच्या ३० ते ३६ तासांत. म्हणजे दुखणे एका ठिकाणी होते.

मग आम्ही तिघे मिळून कॅप्टनकडे गेलो. चीफ ऑफिसरला आधी सांगून गेलो. त्यांना डावलले नाही. कॅप्टन चिडले आणि वही टेबलावर आपटून म्हणाले की तुम्ही माझ्या जहाजाविरुद्ध पुरावा तयार केला आहे. बोसन शांतपणे म्हणाला, "साहेब, ही वही दुसऱ्या कोणाला दाखवलेली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा दाखवतोय." त्या एका वाक्याने खोलीतले वातावरण बदलले. आमची मागणी एकच होती: होल्ड धुणे संपल्यावर आणि धक्क्याला लागण्याआधी डेकच्या लोकांना सलग दहा तास मिळावेत, त्यासाठी लागल्यास जहाज नांगरावर थांबावे.

कॅप्टनने आठवडाभर काहीच केले नाही. नंतर त्यांनी स्वतःच त्या आकड्यांवरून कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने जादा माणूस दिला नाही. चार्टररच्या (जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या) वेळापत्रकात बसेल तिथे दहा तास थांबण्याची परवानगी मात्र दिली, आणि पुढच्या चारपैकी तीन बंदरांत ते पाळले गेले. चौथ्यात पाळले गेले नाही. एवढाच बदल. पण मी उतरल्यावर माझ्या जागी आलेल्या सेकंड मेटने ती वही चालू ठेवल्याचे मला दोन वर्षांनी कळले.

तुझ्या 'सहा महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट' या अडचणीचे उत्तर मला त्या वहीत दिसते. बोटीवरचा गट सतत बदलत असतो. आज सोबत असलेला बोसन पुढच्या बंदरात उतरतो. म्हणून काम माणसांच्या आठवणीत न ठेवता अशा वस्तूत ठेवावे लागते, जी पुढच्या माणसाच्या हाती देता येईल. हँडओव्हर नोट्समध्ये आपण पंपांचे दोष लिहितो, तसे हेही लिहिता येते. आणि एकट्याने जाऊ नकोस. डेकवरचा एक, इंजिनमधला एक आणि वयाने मोठा, सर्वांचा विश्वास असलेला एक, असे तिघे असतील तर कोणाचे कॉन्ट्रॅक्ट सहज अडवता येत नाही. खोट्या नोंदीवर सही करण्याचा आग्रह झालाच, तर कंपनीत किनाऱ्यावर नेमलेली सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती असते. आपण तिला डीपीए म्हणतो. तिचा थेट फोन नंबर प्रत्येक जहाजावर लावलेला असतो. ती व्यक्ती नेमण्याचा नियमही एका अपघातानंतर आला.

इंजिनरूम

कॅप्टन साहेबांनी अपघाताचा केवळ उल्लेख केला आहे. तो 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ'चा. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघालेली ही फेरी बोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे गेली. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे ब्रिजवर दाखवणारे दिवे बसवावेत, अशी मागणी त्याच कंपनीच्या कॅप्टननी आधी लेखी केली होती आणि ती कार्यालयात फेटाळली गेली होती. म्हणजे गट होता, मागणी नेमकी होती, कागदही होता. किनाऱ्यावर ऐकणारा माणूस नव्हता. पुढे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा आयएसएम कोड आला, तो १ जुलै १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि व्यवस्थापनाच्या सर्वोच्च स्तराशी थेट बोलू शकणारा डीपीए त्यातून निर्माण झाला.

एक सावधगिरीही नोंदवतो. आग लागली, माणूस पाण्यात पडला किंवा टक्कर टाळायची आहे, अशा वेळी चर्चा करायची नसते. कॅप्टनचा हुकूम चालतो आणि चाललाच पाहिजे. पण बंद टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजलेला नाही हे दिसले, तर सर्वांत धाकट्या ऑइलरनेही 'थांबा' म्हणावे. माझ्या इंजिनरूममध्ये मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगत असे की 'थांबा' म्हणणाऱ्याला कारण नंतर विचारले जाईल, काम आधी थांबेल. पहिल्यांदा एका मेकॅनिकने मला स्वतःलाच थांबवले, आणि त्याची शंका चुकीची निघाली. त्या वेळी मी त्याचे सर्वांसमोर आभार मानले. त्या दिवशी मी रागावलो असतो, तर पुढे कोणीही तोंड उघडले नसते.

खाडीकिनारा

मी बोटीवरची नाही. माझे यजमान बोटीवर फिटर आहेत आणि आम्ही दापोली तालुक्यात राहतो. लिव्हरपूलच्या कुटुंबांविषयी वाचून लिहावेसे वाटले.

काही वर्षांपूर्वी त्यांचे जहाज एका परदेशी बंदराबाहेर नांगरून पडले. मालकाने पगार बंद केले, नंतर जहाजावरचे जेवण आणि डिझेल संपत आले. जहाजावर १४ जण होते. एजंट फोन उचलत नव्हता. सुरुवातीला आम्ही बायका आपापल्या घरी रडत होतो आणि प्रत्येक जण वेगळ्या माणसाला फोन करत होती. मग आम्ही पाच जणी फोनवर एकत्र आलो. दोघी कोकणातल्या, बाकीच्या इतर राज्यांतल्या, आणि बोलायची भाषा मोडकीतोडकी हिंदी.

आमच्यातील एकीचे मासळीचे हिशेब ठेवण्याचे काम होते. तिने सांगितले की प्रत्येकीने कॉन्ट्रॅक्टची प्रत, पगार शेवटचा कधी जमा झाला ती बँकेची नोंद आणि सीडीसीचे (खलाशाच्या नोंदपुस्तिकेचे) पहिले पान पाठवावे. चौदाही जणांचे कागद एका क्रमाने लावायला आम्हाला दहा दिवस लागले. यजमानांनी जहाजावर भिंतीला लावलेल्या एका प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले की जानेवारी २०१७ पासून खलाशांना वाऱ्यावर सोडले गेल्यास त्यासाठीची आर्थिक हमी जहाजमालकाला दाखवावी लागते, दोन महिने पगार थकला की ती लागू होते आणि तिच्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार व घरी येण्याचा खर्च मिळतो. विमा कंपनीचे नाव त्याच कागदावर होते. आम्ही मुंबईतल्या संघटनेमार्फत सर्वांचा एकच अर्ज केला.

माणसे घरी आली. थकलेला सगळा पगार मिळाला नाही. पण चार महिन्यांचा मिळाला आणि चौदाही जण धडधाकट परतले. आजही कोणाचा नवरा नव्या कंपनीत निघाला, की आम्ही पाच जणी त्याचे कागद आधी तपासतो आणि त्याला सांगतो की जहाजावर चढल्याबरोबर त्या प्रमाणपत्राचा फोटो घरी पाठव.

परळ_ते_कुलाबा

ताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझे आधीचे म्हणणे थोडे सुधारतो. किनाऱ्यावरचा आधार म्हणजे मोठा नेता किंवा मोठी संघटनाच असावी, असे मी गृहीत धरले होते. पाच घरांतल्या पाच फोनांनीही ते काम केले.

तिसरा_मेट

ताई, जहाजावर चढल्यावर त्या प्रमाणपत्राचा फोटो मी नक्की आईला पाठवेन.

कॅप्टन साहेब, माझ्या जहाजाचा क्रू मुंबईहून एकत्र निघणार आहे आणि काल फोनवर कळले की बोसन सिंधुदुर्गचे आहेत व चौथे इंजिनिअर माझ्याच कॉलेजचे. विमानतळावरच दोघांशी बोलेन. वही मात्र आजच घेऊन ठेवली आहे. २०० पानी, जाड पुठ्ठ्याची. एक शंका राहिली आहे: आपल्या वहीत दोन घड्याळवेळा होत्या का, म्हणजे जहाजाची आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)? वेळपट्टा बदलताना रात्रीचा एक तास कमी-जास्त होतो आणि तिथे नोंद चुकण्याची भीती वाटते.

दीपस्तंभ

उत्तम प्रश्न विचारलास. आम्ही पहिल्या महिन्यात तीच चूक केली होती आणि दोन रात्रींची नोंद बाद करावी लागली. जहाजाची वेळ लिही आणि घड्याळ पुढे-मागे केले त्या दिवशी पानाच्या वरच्या बाजूला तसे स्पष्ट लिहून ठेव. वेळ पुढे नेताना गेलेला तास झोपेतून गेला की कामातून, तेही त्याच ओळीत लिही. कॅप्टन पहिला प्रश्न तोच विचारतील.

शेजारच्या मुलाला मी काल हा संपूर्ण धागा फोनवर वाचून दाखवला. त्याचे जहाज सध्या सिंगापूरच्या बाहेर नांगरावर आहे आणि त्याला ब्रिजवरचे ते पॅनेल अजून कोणी दाखवलेले नाही. उद्या सेकंड मेटला विचारून पाहून येतो, असे म्हणाला आहे.